टिराट्या मरत नाहीत

“आजी झोपल्यात,” मी म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय म्हणालो. दारात खालच्या मजल्यावरची नंदिनी उभी होती. गळ्यात दोरीला बांधलेली घराची किल्ली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आणि महिनाभर देवगडला आजोळी राहून काळवंडलेला, टवटवीत चेहरा. शाळा सोमवारी सुरू होणार होती. “मग उठल्या की देते. आंब्याची साठं आहेत. आईला सांगितलं, मीच देणार, तू नाय द्यायची,” असं म्हणत ती माझ्या हाताखालून आत शिरली आणि हॉलमधल्या दिवाणावर भिंतीला पाठ लावून बसली. “मी थांबते. मला काय घाई नाय. कधी झोपल्या?” मी घड्याळाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं होतं. “मघाशीच,” म्हणालो. माझ्या बायकोला, जयमालाला, जाऊन त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते.

भिंतीवर फोटो नव्हता. तो सेक्टरच्या बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे तयार होऊन पडला होता. त्याने दोनदा निरोप पाठवला होता आणि मी दोन्ही वेळा गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. नंदिनीची आई मीना दिवसकार्याला येऊन गेली होती, पण काल रात्री गावाहून परत आलेल्या पोरीला तिने काही सांगितलेलं दिसत नव्हतं. सकाळी नवराबायको कामावर गेले की ही सहा वर्षांची मुलगी शाळेव्यतिरिक्तचा सगळा वेळ आमच्याकडेच असायची. आमच्याकडे म्हणजे जयमालाकडे. मी आपला कडेला पेपर घेऊन. आता तिने एक पाय दिवाणावर पोटाशी ओढून घेतला, दुसरा खाली लोंबता ठेवला आणि आवाज अगदी बारीक करून विचारलं, “आजोबा, हळू बोलायचं ना?” मी मान हलवली. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी, मुलांना कधी खोटं सांगू नये असं नव्या शिक्षकांना सांगत आलेला, आणि आता बंद असलेल्या आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत मान हलवत होतो. खोटं बोलणाऱ्याचा घसा कोरडा पडतो म्हणतात. माझा पडला नव्हता. उलट मला बरं वाटत होतं. त्या दारामागे कुणीतरी झोपलंय असं या घरात निदान एका माणसाला वाटत होतं, आणि तेवढ्याने खोलीला वजन आलं होतं.

तिचा तो एक पाय वर, एक खाली. मला एकतीस पोरं दिसली, एका पायावर उभी, हात पंखांसारखे पसरलेले, आणि समोर मीही तसाच, धोतराचा सोगा दातात धरून. एकाहत्तर साली माझी बदली खाडीकाठच्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर झाली. वाशी तेव्हा असं सेक्टरांचं शहर नव्हतं. पुलाचे खांब पाण्याबाहेर येत होते, आणि इकडे सगळं खाजण, मिठागरं, भाताची खारी जमीन. मी सातारकडचा. मला पोरांचं बोलणं कळेना, त्यांना माझं. आणि मी करायची ती चूक केली. कुणी “घरान हाय” म्हटलं की “घरात आहे”, कुणी “पानी” म्हटलं की “पाणी, ण, ण, जीभ वर लाव.” प्रेमानेच सांगायचो, छडी मी कधी हातात धरली नाही. पण तीन आठवड्यांत वर्ग मुका झाला. प्रश्न विचारला की एकतीस तोंडं मिटलेली, डोळे माझ्या ओठांवर. मार खाल्लेली मुलं निदान मागून शिव्या तरी देतात. ही देतही नव्हती.

एका दुपारी पुतळाच्या पाटीवर मला एक चित्र दिसलं. पुतळा म्हणजे मिठागरात काम करणाऱ्या सितारामची मुलगी, आठनऊ वर्षांची, केस कायम तेलाने चापून बसवलेले. उंच पायांचा पक्षी, पण मान ताठ, माणसासारखी, आणि पायात वाळे. “हा कोण?” मी विचारलं. ती गप्प. “बोलतो का हा?” तेव्हा मागून शिवा नावाचा धटिंगण पोरगा हसला, “बोलते ना. पन तुमच्यासारका नाय बोलत.” “मग कसं?” “तिला ओठ कुटं हायत, गुरजी! चोच हाय.” सगळा वर्ग हसला. तीन आठवड्यांनी. मी फळ्यापाशी गेलो आणि खडू हातात घेतला. ओठ नाहीत, म्हणजे प नाही, फ नाही, ब, भ, म नाही. करून बघा रे, ओठ न मिटता ‘बाबा’ म्हणून बघा. एकतीस पोरं तोंडं वासून ‘आआ, आआ’ करायला लागली. वामनने हात वर केला, वर्गातला तो पहिला हात, आणि काळजीने विचारलं, “मंग माजा नाव कसा घेतील ते?” “व सुद्धा ओठांनीच म्हणतो आपण. तुला ‘आअन’ म्हणतील.” तो पुढे आठवडाभर आअन होता. पुतळाची उतळा झाली. तिला ते आवडलं. ती ते तोंडातल्या तोंडात पुन्हापुन्हा म्हणून पाहत होती, नवीन फ्रॉक अंगाशी धरून पाहावा तसं.

त्या पाखरांना आम्ही टिराट्या नाव दिलं. एक टिराटी, पुष्कळ टिराट्या. दुपारची सुट्टी झाली की शेवटचा अर्धा तास त्यांचा. त्या भाषेत मला काहीच येत नव्हतं आणि पोरांना काहीच येत नव्हतं, म्हणून कुणी कुणाची चूक काढू शकत नव्हतं. मी आयुष्यात शिकवलेल्या गोष्टींत तेवढी एक गोष्ट मी खरोखर मुलांच्या बरोबरीने शिकलो. शब्द सुचवायचा ज्याला सुचेल त्याने. मग सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं आणि शब्द दहादा म्हणायचा. म्हणताना निम्म्यांचे पाय टेकले तर शब्द जड आहे, टिराट्यांना पेलणार नाही, बाद. त्यामुळे शब्द हलके झाले. येणाऱ्या पाण्याला ‘लिरा’, जाणाऱ्याला ‘रिला’. ओहोटीला उघडी पडणारी आणि भरतीत जाणारी चिखलाची जागा, जिच्यावर आता उभं राहता येतं आणि संध्याकाळी येत नाही, तिला ‘खिरन’. मराठीत तसा एक शब्द मला माहीत नव्हता, पण त्या मुलांना ती जागा माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. ओठ नाहीत म्हणजे फुंकर नाही, असं काशीच्या ध्यानात आलं, ती वर्गात सगळ्यांत लहान. फुंकर नाही म्हणजे चूल पेटणार नाही, चूल नाही म्हणजे रांधलेलं नाही, मग मीठ कशाला? मिठागरवाल्यांच्या पोरांनी आपल्या बापांचा धंदा एका दुपारी असा बुडवला आणि पोट धरधरून हसली.

एकदा साहेब तपासणीला आले ते नेमके त्या अर्ध्या तासात. एकतीस पोरं एका पायावर, मास्तरही एका पायावर. “एवढा काय गुन्हा केला यांनी?” त्यांनी विचारलं. “एका शब्दाचा निकाल लावतोय,” मी म्हणालो. त्यांनी भुवया वर केल्या, वर्गाभोवती एक फेरी मारली, आणि एकाही पोराचा पाय टेकला नाही हे पाहून वहीत शेरा लिहिला: ‘वर्गाची शिस्त उत्तम. शिक्षक स्वतः सहभागी.’ जयमालाला हे सांगितलं तेव्हा ती निवडत असलेल्या तांदळाचं सूप खाली ठेवून हसली होती. शाळेला लागूनच आमची खोली होती. तिला टिराट्यांच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. मी शिकवायला गेलो तर म्हणायची, “मला आपली एक पुरते. तीच नीट बोलता आली तरी खूप झालं.”

“आजोबा,” नंदिनी कुजबुजली, “आजी बऱ्या आहेत ना? दुपारी नाय झोपत त्या कधी.” “अं,” मी म्हणालो. तिने पुडी नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत मांडीवर ठेवली. वर्तमानपत्रावर साठांच्या गोडाचे डाग उमटले होते. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, मीना येईल, ती सांगेल. आईचं काम आहे ते. आणि हे वाटणं मला ओळखीचं वाटलं, अंगात पूर्वी येऊन गेलेल्या तापासारखं.

एक नियम मी मत न घेता केला होता. तेवढा एकच. काशीने विचारलं होतं की कुणी बेचकीने धोंडा मारला तर टिराटी मरंल का. शिवाच्या खिशात बेचकी होती हे मला माहीत होतं; रोज एखादं पाखरू वर्गात यायचं, मान लोंबलेलं. मी पटकन म्हणालो, “टिराट्या मरत नाहीत.” “मंग?” “पाण्याबरोबर जातात. पाण्याबरोबर येतात.” सगळ्यांना ते पटलं. कुणीच पाय उचलला नाही, कारण मी उचलायला सांगितलंच नाही. मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं. शिवाने पुढे पुष्कळ दिवस बेचकी आणली नाही, हेही खरं.

त्र्याहत्तरच्या भाद्रपदात, मोठ्या उधाणाला, खाऱ्या पाण्याच्या बांधाला खांड पडली. असं झालं की गावातला धडधाकट माणूस घरात राहत नाही. माती, पेंढा, खांब, मिळेल ते घेऊन सगळे तिथे उभे राहतात, नाहीतर खारं पाणी शेतात शिरून भात जातं. मीही गेलो होतो, घमेली पुढे देणाऱ्यांच्या ओळीत. सिताराम खालच्या बाजूला पाण्यात उभा राहून खांब धरून होता. बांधाचा कडा खचला तो त्याच्या अंगावर. काढायला अर्धा तास लागला. पुतळाला शेजारच्या घरी ठेवलं होतं. तिला कुणी अंगणात येऊ दिलं नाही, कुणी काही नीट सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती शाळेत आली, केस तसेच चापून बसवलेले, आणि शेवटच्या अर्ध्या तासात उभी राहिली. “गुरजी, मेल्याला टिराट्या काय बोलतात?” सगळ्यांना माहीत होतं. तिलाही बहुतेक माहीत होतं. ती फक्त शब्द मागत होती, पोरं पाटी पुसायला बोळा मागतात तसा. आणि मी म्हणालो, अगदी हळू, अगदी मायेने, “टिराट्या मरत नाहीत बाळ. रिला होतात.” तिने मान हलवली आणि खाली बसली.

त्या दिवसापासून तिने मराठी सोडली. मला आधी कळलं नाही, वर्गात तर आम्ही ते खेळत होतोच. आठवड्याने तिची आई वेणूबाई आली. पांढऱ्या कपाळाने पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, शाळेच्या ओट्याखाली उभी राहिली, वर आली नाही. “गुरजी, पोरीला काय शिकवलाव?” “का, काय झालं?” “घरान बोलं ना. पानी मांगते त नुसती चिरचिर. माज्याशी बोलत नाय.” तिने पदर तोंडाला लावला आणि मग काढून स्पष्टच म्हणाली, “बापाशी बोलते. भरतीच्या टायमाला बांधावर जाऊन बसते नि त्याच्याशी बोलते. पाय घसरला त काय करू मी? माजी पोर मना परत द्या.” मी म्हणालो, देतो. शिक्षक आहे, माझी चूक मीच दुरुस्त करीन. चार दिवस मी तयारी करत होतो. फळ्यावर नवीन धडा काढीन, टिराट्यांचा एक म्हातारा काढीन, त्याचे पंख थकलेले दाखवीन. मग हळूहळू एक शब्द आणू, सगळे मिळून. चार दिवस पुतळा भरतीच्या वेळा बिनचूक साधत होती आणि मी योग्य शब्द शोधत होतो.

पाचव्या दिवशी ती नेहमीसारखी आमच्या खोलीत आली. जयमाला दुपारी तिची वेणी घालायची. मी दाराबाहेर वह्या तपासत होतो. आतून जयमालाचा आवाज आला, रोजचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. “पुतळे, माझ्याकडे बघ. तुझा बाबा मेला.” मी लाल पेन खाली ठेवलं. “बांधावर मेला. मी त्याला पाहिलं, अंगणात आणला तेव्हा. मग त्याला जाळलं. आता तो कुठल्या पाण्याबरोबर यायचा नाही.” आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी धावलो तर पोरीने जयमालाच्या मनगटाला दातांनी धरलं होतं, आणि जयमालाने हात काढून घेतला नव्हता. दुसऱ्या हाताने ती तिची अर्धी वेणी धरून बसली होती. किती वेळ ते मला माहीत नाही. मग पुतळाने तोंड सोडलं, मोठ्याने रडली, नाक पुसलं आणि विचारलं, मराठीत, तिच्या मराठीत, “त्याच्या पायात चपला व्हत्या?” “नव्हत्या.” “मंग कुटं हायत?” “ठाऊक नाही. चल शोधू.” दोघी ऊन उतरायच्या आत बांधावर गेल्या. चिखलात एक सापडली.

संध्याकाळी मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “इतकं तोडून सांगायला नको होतं.” जयमाला मनगटाला हळद लावत होती. “तुम्ही फार मऊ बोलता,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्याला धरायला काही सापडत नाही.” मला राग आला होता. खरं तर हेवा वाटला होता, हे कळायला वर्षं गेली. पुढे काही दिवस पोरं विचारायची, “गुरजी, आज टिराट्या?” मी नको म्हणायचो, आणि मग ती विचारीनाशी झाली. ‘घरान हाय’ला मी पुन्हा कधी थांबवलं नाही. टिराट्यांचे तीनशे चाळीस शब्द मी एका दोनशे पानी वहीत उतरवले होते. बदलीच्या गडबडीत ती कुठे गेली कळलं नाही. पण अजून कधी खाडीपुलावरून जाताना ओहोटी असली की माझ्या मनात ‘खिरन’ येतं, दुसरं काही येत नाही, आणि बसमधल्या एवढ्या माणसांत एकालाही ते सांगता येत नाही म्हणून जीव कासावीस होतो. ती सगळी पोरं आता बाविशी-पंचविशीची. शिवा वाळू-विटा पुरवतो. पुतळा उलव्याला दिली, तिला दोन मुलं आहेत. जयमालाच्या दहाव्या दिवशी ती आली होती. इतर सगळे ‘गेल्या’ म्हणत होते, ‘सुटल्या’ म्हणत होते, ‘देवाज्ञा’ म्हणत होते. ती दारातच म्हणाली, “बाय मेली ते मना काल कललं. कशी मेली, गुरजी?” आणि मी, माझ्याकडे उत्तर असताना, तिच्याकडे पाठ करून म्हणालो, “चहा टाकू का?” तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि स्वतःच चहा टाकला.

“मी हळूच बघून येते,” नंदिनी म्हणाली. “उठवणार नाय. शप्पथ. खाली ठेवून येते फक्त, उशाशी.” ती उठली. फरशीवर अनवाणी, चवड्यांवर चालत, एका हातात पुडी, दुसरा कडीकडे. कडी तिच्या डोक्याच्या जरा वर होती. तिची टाच उचलली गेली आणि मला आतली खोली दिसली, तिला दिसणार होती तशी: गुंडाळलेली गादी, दोरीवर एकच धोतर.

“नंदिनी, थांब,” मी म्हणालो. “आजी आत नाहीत. आजी मेल्या.”

शब्द साधा होता. माझ्या तोंडात तो पहिल्यांदाच आला होता आणि जिभेला कुठे अडला नाही. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं ऐकणं. “कधी?” “तेरा मे, मंगळवारी.” “मग झोपल्यात का म्हणालात?” “मला बोलता येईना.” ती मग म्हणाली, “मला घरी जायचंय,” आणि पुडी दिवाणावर ठेवून निघाली. मी मागोमाग गेलो. तिने गळ्यातली किल्ली हातात घेतली, पण कुलपाला लावली नाही. दाराकडे पाठ करून जिन्याच्या पायरीवर बसली. माझा गुडघा न कुरकुरता वाकला असं नाही, पण मीही शेजारी बसलो. बराच वेळ ती रडली, आवाज न करता, मग आवाज करून. वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई कठड्यावरून डोकावल्या आणि परत गेल्या.

मग तिने विचारायला सुरुवात केली. सकाळी की संध्याकाळी? सकाळी, पाणी येतं त्या वेळी, पिंप भरत होत्या. पडल्या का? नाही, हात जड झाला म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. तुम्ही कुठे होता? गॅसवर दूध होतं, ते बंद करायला गेलो होतो. मग? मग परत आलो. दवाखान्यात नाही नेलं? नेलं, रिक्षातून, डॉक्टर म्हणाले, वाटेतच मेल्या. तुम्हाला रिक्षात कळलं होतं? हो, मी म्हणालो, कळलं होतं. मी रिक्षावाल्याला सांगितलं नाही. हे मी माझ्या मुलालाही सांगितलं नव्हतं. ती प्रत्येक उत्तरानंतर थोडी थांबायची, जसं काही ते कुठेतरी ठेवून येत होती, आणि मग पुढचं. मला वाटलं नव्हतं इतके प्रश्न असतील, आणि वाटलं नव्हतं की त्या प्रत्येकाचं उत्तर माझ्यापाशी असेल.

साडेसहाला मीना जिना चढून आली, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. आम्हाला पाहून थबकली. “आई, आजी मेल्या,” नंदिनी म्हणाली. मीनाने माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत राग. “काका, काय हे! आम्ही तिला सांगणार होतो, नाशिकला मुलाकडे गेल्यात म्हणून. लहान आहे ती. कशाला टेन्शन द्यायचं?” “तू पण विचार ना,” नंदिनी तिला म्हणाली. “काय पायजे ते विचार. आजोबा सगळं सांगतात.”

मीनाने पिशवी कठड्याला टेकवली, पदर सावरला, आणि आमच्या खालच्या पायरीवर बसली, तोंड दुसरीकडे करून. “फार त्रास झाला का हो त्यांना?” तिने विचारलं. चोवीस दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि एका पुतळाने विचारलं होतं तर तिला मी चहाचं विचारलं होतं.

मी मंगळवार सकाळपासून सुरुवात केली.